मीठ खाल्लेला रंग

बावीस वर्षं मी इचलकरंजीत जिगरवर होतो.
माझ्या नखांकडं बघून बायको सांगायची,
आज मरून चाललाय, आज टर्क्विज,
आणि जेवायला चमचा द्यायची.
प्रोसेस बंद पडली.
नखं पांढरी व्हायला एक दिवाळी गेली.

आता कोल्हापुरात, कॉलेजात, रसायनाच्या खोलीत
बाटल्या विसळतो.
जिन्नाप्पा, हे धू. जिन्नाप्पा, ते आण.
पोरं चांगली आहेत.

तहसीन मोमीन त्यातलीच.
वडणग्याच्या गुऱ्हाळावरनं चिपाड आणलं तिनं,
स्कूटीवर पायाशी पोतं, पाय बाहेर लोंबते.
गच्चीवर वाळवलं, खलबत्त्यात कुटलं,
चाळलं, धुतलं. सात पाणी,
तरी आठव्याला गोड वास.
मुंग्या दुसऱ्या मजल्यावर कशा चढल्या देव जाणे.
मी खडूची रेघ मारली,
त्यांनी ती ओलांडली.

"मामा, ह्यानं रंग निघतो पाण्यातला."
मी म्हटलं, व्हय.
मनात म्हटलं, चुलवणात घालायची वस्तू,
ती रंग काय खाणार?

पहिला निळा बाटलीतला, दुकानातनं आलेला.
चिमूटभर चिपाड, तासभर हलवलं, गाळलं.
खाली उतरलं ते इतकं पाण्यासारखं पाणी
की मी उगाच वास घेऊन बघितला.
ती मशीनवर आकडा बघत होती,
मी पांढऱ्या फरशीवर धरून.
सवय. शेड जुळवायची असली की
मालक मलाच हाक मारायचा.

मग तिनं खरं पाणी आणलं,
तेलाच्या कॅनमधनं, गावच्या नाल्यावरनं,
धाकट्या भावाला दमात घेऊन.
लाल.
तास, दोन तास, रात्रभर हलवलं.
सकाळी लाल तसाच लाल.
पोरगी स्टुलावर बसून राहिली. डबा उघडला न्हाई.

तेव्हा मी बोललो,
त्या खोलीत पहिल्यांदा, कुणी न विचारता.
म्हटलं, ताई, तो बाटलीतला निळा शाळकरी.
ह्यो मीठ खाल्लेला.
एका लॉटला पोती ओतायचो आम्ही मिठाची,
वर सोडा,
कापडाला धरून राहावा म्हणून.
धरला तो कापडात गेला, उरला तो नाल्यात.
पण मीठ त्यानंबी खाल्लंय.
तुझ्या चिपाडाला तो कशाला ओळख दाखवील?

ती हसली न्हाई.
वहीत लिहिलं: मीठ.
खाली दोन रेघा.

पुढच्या आठवड्यात गुळव्याकडं
गूळ न मागता चुलवणाच्या तोंडाशी जागा मागितली.
बिस्किटाच्या डब्यात चिपाड ठासलं,
झाकण मातीनं लिंपलं,
आणि काळं झालेलं घेऊन आली,
ओढणीसकट काळं.

परत लाल. परत रात्र.
सकाळी मी किल्ली लावायच्या आधी ती दारात.
फरशीवर धरलं.
गेला न्हवता.
पण चोथा दुसऱ्यांदा उकळल्यावर
चहा होतो ना, तसा काहीतरी.
"किती?" मशीन लावायच्या आधी तिनं मला विचारलं.
म्हटलं, दहात सात गेला.
मशीन म्हणालं, अडुसष्ट टक्के.

बावीस वर्षं मला पगार होता
रंग सुटू नये ह्याचा.
सुटलेला जातो कुठं,
हे मीही कुणाला विचारलं न्हवतं.

आता प्रश्न बादलीतल्या काळ्या चिखलाचा.
सगळा लाल त्याच्या पोटात.
जाळावा तर धूर, पुरावा तर पाऊस,
नाल्यात म्हणालो आणि दोघंही गप्प झालो.
सर म्हणाले, प्रबंधात एक परिच्छेद टाक त्यावर.
परिच्छेद झाला.
बादली आहे.
मी ती टेबलाखाली सरकवली,
वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खडूनं:
टाकू नये. जिन्नाप्पा.

मुंग्या तिकडं फिरकत न्हाईत.